तोचिझावाचा शेवटचा डोह

मार्च उजाडला की आमच्या खोऱ्यात मासेमारी खुली होते, आणि शहाणी माणसं त्या दिवशी घरीच बसतात. ओढ्याकाठी गुडघाभर बर्फ असतो, पाण्यात हात घातला तर हाडं ठणकतात. इवाना, म्हणजे आमच्या डोंगरातला ट्राऊट, तळाशी सुस्तावून पडलेला असतो. गळाला बांधलेली पिसांची माशी अगदी त्याच्या नाकासमोरून गेली, तरच तोंड उघडणार. तरी माझे सासरे तोकुजी दरवर्षी तोचिझावा ओढ्यावर जातातच. यंदा मीही सोबत होते, कारण आमचं तसं ठरलं होतं.

गेल्या वर्षी याच सुमारास माझा नवरा सोहेई या ओढ्यावर गेला, तो परतलाच नाही. शेवटच्या डोहाशी त्याची गळाची काठी सापडली. तो नाही. मी वीजकेंद्रासाठी बर्फाची खोली मोजते. वितळलेलं पाणी माणसाला कुठे ओढून नेतं, हे मला कुणी सांगायला नको. मला त्याचे विधी करून एकदाचं मोकळं रडायचं होतं. सोहेईचे बाबा मात्र म्हणत, "मेलेला पाहिलाय का कुणी?" शेवटी एवढंच कबूल झाले, की पहिल्या दिवशी त्या डोहापर्यंत जाऊन येऊ, मग सांगतो.

पुलापाशी गाडी लावली. दुसरी गाडी नव्हती. रात्री पडलेल्या ताज्या बर्फावर पावलं मात्र होती, ओढ्याने वर जाणारी.

"कुणीतरी पुढे आहे," बाबा थबकले. "चल, मागे फिरू."

पुढच्याला ओलांडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जो आधी उतरला, त्याचं पाणी. पण भला माणूस एखादा डोह मागच्यासाठी न छेडता सोडतो, आणि खूण म्हणून खडकावर बांबूचं पान ठेवतो. पान दिसलं तर खुशाल गळ टाकावा. नसेल, तर तिथे पाऊल घालू नये.

पहिल्याच खडकावर पान होतं.

"पलीकडच्या गावचा असेल," मी म्हणाले.

"असेल. टाक तू."

मी दोर फेकला.

"कपडे वाळत घालतेस की मासे धरतेस?"

वर्षभरात बाबांनी माझी पहिल्यांदाच थट्टा केली. मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. मग त्यांनी दोर टाकला. इवाना तळातून सरळ वर आला आणि गळाला लागला. एवढ्या थंडीत असं होत नसतं.

पुढच्या डोहावर पान होतं. त्याच्या पुढच्यावरही. एकूण एक चांगला डोह मागच्यांसाठी सोडलेला. मग हा माणूस आला तरी कशाला?

"असा वेडेपणा एकच जण करायचा," बाबा हळूच म्हणाले. "म्हणायचा, बाबा, तुमची नजर गेली, सोपे डोह तुम्हीच घ्या."

मी सवयीने खाली वाकून पावलाची खोली पाहिली. माझे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. ती पावलं बर्फावर नुसती ओली उमटली होती. सगळं गोठवणाऱ्या त्या हवेत गोठली नव्हती.

शेवटच्या डोहाचं पाणी काळपट हिरवं दिसत होतं. पावलं थेट काठापर्यंत गेली होती. खडकावर पान नव्हतं.

बाबांनी एक पाय पुढे टाकला. मी त्यांची बाही धरली.

"सोहेई," त्यांनी हाक मारली, जेवायला बोलवावं तशी. "मी मागेच आहे रे."

पाणी वाहत राहिलं.

बऱ्याच वेळाने बाबांनी पाय मागे घेतला. काठी आवरली.

"पान नाही ठेवलं त्याने," ते म्हणाले. "येऊ नका म्हणतोय."

आणि तिथेच बर्फात बसून रडले. मीही रडले. किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही.

"उद्या देवळात सांगून ये," ते म्हणाले. "करू या त्याचं सगळं."

उतरताना समोरच्या काठावर पावलं दिसली. तशीच ओली. खाली जाणारी. सकाळी ती नव्हती.



पुलापासून ती रस्त्याच्या कडेने गावाकडे निघाली. मी गाडी अगदी हळू चालवली. आमच्या गल्लीशी ती वळली नाहीत. देवळामागच्या चढाने वर गेली, आमच्या घराण्याच्या थडग्यापर्यंत, आणि दगडासमोर थांबली.

परतीची पावलं नव्हती.

बाबांनी टोपी काढली. जागा सावलीतली, फुलदाणीतलं पाणी कडक गोठलेलं. मी गुडघ्यावर बसले. त्या दगडाखाली सासूबाईंच्या अस्थी आहेत, आजेसासऱ्यांच्या आहेत. सोहेईचं काहीच आम्ही तिथे ठेवलेलं नव्हतं.

दगडाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. मी बोट लावलं. बोटाला ओढ्याची बारीक वाळू लागली.