परका स्नायू

"डॉक्टर, कापायचीच असेल तर माझी मांडी कापा... जीजीला आणखी सुरी लावू नका."

अर्पित थोरल्या बहिणीसाठी, चेलनासाठी, गयावया करत होता. धुळ्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टर मिसबाह नुकतीच समजावून सांगत होती, की चेलनाच्या मांडीतून स्नायूचे बारीक तुकडे काढायचे आणि कोपराखालच्या तुटलेल्या नसांच्या टोकांभोवती गुंडाळायचे. नसा त्यांत रुजल्या, की मनात मूठ वळायचा विचार येताच तो स्नायू आखडेल आणि त्याचा इशारा ओळखून कृत्रिम हात मूठ वळेल.

"दुसऱ्याचा स्नायू चालत नाही," मिसबाह म्हणाली. "शरीर परक्याला ठेवून घेत नाही."

चेलना मोठ्याने हसली. "ऐकलंस? माझ्या शरीरालाही कळतं परका कोण ते. जा जळगावला, डाळमिल वाट बघत असेल."

अर्पित मान खाली घालून निघून गेला आणि चेलनाच्या काळजाला गारवा मिळाला.

का नाही मिळणार? याच पाठच्या भावाने, घरच्या डाळमिलमध्ये ती बंद पट्ट्यात अडकलेलं बारदान काढत असताना, न बघता बटण दाबलं होतं आणि तिचा उजवा हात गेला होता. चूक कोणाच्याही हातून होते, तेवढं तिने पोटात घातलंही असतं. पण ती शुद्धीवर आली तेव्हा घरभर एकच बोललं जात होतं, की चेलनानेच चालू पट्ट्यात हात घातला! तिचं म्हणणं कोणी मानलं नाही. 'पोरीचा उतावळेपणा नडला,' असं म्हणत म्हणतच वडील मदनलाल गेले. तिची ठरलेली सोयरीक मोडली, आणि ज्याने मोडली तो त्याच साली वाजतगाजत बोहल्यावर चढला. चेलना धुळ्याला आली, शिकवण्या घेऊन राहू लागली. नसलेल्या हाताची बोटं रात्रंदिवस जळायची आणि प्रत्येक कळ अर्पितच्या नावाने शिव्या देत ती सोसायची. नवा हात आला की पहिलं काम एकच... आईसमोर, भाऊबंदांसमोर त्याच्या थोबाडीत मारायची आणि सत्य वदवून घ्यायचं.

शस्त्रक्रिया झाली, यथावकाश हातही बसला. पण एक विपरीतच घडलं. जळजळ थांबली. भरकटलेल्या नसांना काम मिळालं की दुखणं ओसरतं, असं मिसबाह म्हणाली, आणि चेलना अगदी कावरीबावरी झाली. दुखणंच गेलं, तर वैर कशाच्या बळावर करायचं? मग रोज सकाळी उठून ती वडिलांचे ते शब्द मुद्दाम आठवायची, मुद्दाम रडायची आणि संताप तापवून घ्यायची.

जैनांच्या संवत्सरीच्या उपवासानंतर दुसऱ्या दिवशी ती जळगावला माहेरी पोचली. क्षमापनेसाठी, म्हणजे वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागायला, भाऊबंद जमले होते. घरात सगळे जिला बाई म्हणत, त्या आई लाडकुंवरचा उपवास अजून सुटायचा होता. अर्पित हात जोडून पुढे आला.

"क्षमा नंतर," चेलना म्हणाली. "आधी या सगळ्यांना सांग, बटण कोणी दाबलं होतं."

अर्पितने तोंड उघडलं आणि आईकडे पाहिलं. आईने नजर खाली वळवली. चेलना आईकडे वळली.

"बाई... तुला ठाऊक होतं?"

"मीच त्याला तसं बोलायला लावलं," लाडकुंवर म्हणाली. "त्याचंही लग्न तेव्हा ठरत होतं. तुझं तर मोडणारच होतं गं... हात गेलेल्या मुलीला कोण करून घेणार? म्हटलं, एकाचा तरी संसार उभा राहू दे. पाप माझं आहे. मारायचंच तर मला मार."

म्हातारीने आपला हात पुढे केला. चेलनाने काय करायचं ते ठरवायच्या आत त्या नव्या बोटांनी आईचं मनगट आवळलं होतं.

"आवळ," लाडकुंवर पुटपुटली. "अजून आवळ."

किती जोर लागतोय, ते त्या हाताला कळत नव्हतं; त्यासाठी आईच्या चेहऱ्याकडेच पाहावं लागत होतं. आणि इतक्या वर्षांत चेलनाने त्या चेहऱ्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं! ओठ पांढरे पडलेले, गाल आत गेलेले... ही इतकी कधी थकली? चेलनाला बोटं उघडायची होती, पण रागाने आखडलेला तो स्नायू सैल पडेना. डोळे मिटून, श्वास सोडून, मोठ्या कष्टाने तिने एकेक बोट उघडलं.

"बटण मी दाबलं होतं," मागून अर्पितचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बाबूजींशी मी खोटं बोललो."

"ज्यांनी ऐकायला हवं होतं ते गेले," चेलना म्हणाली. मग आईकडे वळली. "क्षमा मागू नकोस, बाई. माझ्याने अजून देववणार नाही."

लाडकुंवरने मान हलवली. तिच्या मनगटावर बोटांचे वळ निळे होत चालले होते.

"बर्फ आण," चेलना अर्पितला म्हणाली.

तो धावला. आणि ते मनगट तिने आपल्या डाव्या हातात घेतलं, कारण किती हळू धरायचं ते त्या हाताला कळत होतं.