रुपीच्या ढिगातले दगड

हे खरं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ, सुदर्शन. आणि शेवटी शेवटी त्यात मी स्वतः आहे, म्हणून तर लिहायला बसलोय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

साल २००६. मे महिना. मोखाडा तालुक्यातलं सूर्यमाळ.

वेळ रात्रीची नाही. अमावास्याही नव्हती. यातलं सगळं भर दुपारी घडलंय, ऊन डोक्यावर असताना. मला तीच गोष्ट जास्त छळते.

सुदर्शन तिथल्या शाळेवर मास्तर होता. मूळचा जव्हारचा. शाळेमागच्या दोन खोल्यांत तो आणि उज्ज्वला वहिनी राहायचे. लग्नाला दोन वर्षं झालेली. सुट्टी लागली तसे बाकीचे शिक्षक आपापल्या गावी पळाले. हा पठ्ठ्या थांबला.

कारण त्याला गाडी बनवायची होती.

गाडी म्हणजे रॉक क्रॉलर. रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची, खडक चढणारी गाडी. ती पळत नाही. सावकाश सरकते, पण उभ्या दगडालाही चिकटून वर जाते. नाशिकच्या एका सायबर कॅफेत त्याने तिचे फोटो पाहिले आणि डोक्यात खूळ शिरलं ते शिरलंच.

मुंबईहून एक रिमोटची खेळण्यातली जीप आणली आणि तिची हाडं वेगळी केली. मोटारीला आणखी दोन गिअर जोडले, म्हणजे वेग मेला आणि ताकद वाढली. दोन्हीकडची चाकं एकत्रच फिरावीत म्हणून मधले गिअर सोल्डरचा डाग देऊन जाम केले. सायकलच्या तारांचे दांडे, बॉलपेनच्या स्प्रिंगा. स्कूटरच्या टायरची पट्टी कापून चाकांवर चढवली, आत गादीचा फोम भरला. चढताना तोंड उचलू नये म्हणून पुढच्या चाकांत पंक्चरवाल्याकडच्या शिशाच्या पट्ट्या ठोकल्या.

टायरवर ब्लेडने एकेक खाच कोरली. मागच्या उजव्या चाकावर ब्लेड घसरलं आणि एक खाच भलतीच तिरकी गेली.

ही तिरकी खाच लक्षात ठेवा.

वहिनी त्याची भरपूर चेष्टा करायच्या. त्या मेमध्ये वरची विहीर आटली होती. बायका पाड्याकडच्या वाटेने पाणी आणायच्या. वहिनींना मात्र शाळेमागची उताराची वाट जवळ पडायची, खालच्या झऱ्यापर्यंत. सुट्टीत त्या वाटेने जाणाऱ्या त्या एकट्याच. दिवसातून दोन खेपा.

“खडक चढणारी गाडी बनवताय ना?” त्या म्हणायच्या. “मग तिला हंडा वाहायला शिकवा. मी बसते इथे रिमोट घेऊन.”

गाडी तयार झाली. आता हवे होते दगड.

सूर्यमाळला दगड कमी नाहीत. पण तो सगळा जमिनीला धरून असलेला कातळ. क्रॉलरला लागतात सुटे दगड, एका हातात मावतील एवढे, एकावर एक रचलेले. असे दगड एकाच ठिकाणी होते.

रुपीच्या ढिगात.

आमच्याकडच्या डोंगरवाटांवर असे ढीग असतात. वाटेत कुणी मेलं की त्या जागी येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो. का ठेवायचा, ते कुणी विचारत नाही. रुपी नावाची बाई खूप वर्षांपूर्वी मोळी घेऊन येताना तिथे चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही. तिचा ढीग छातीएवढा झाला होता. प्रत्येक दगड कुणीतरी हाताने निवडून आणलेला, म्हणून सगळे हाताच्या मापाचे.

सुदर्शनला हे सगळं माहीत होतं. त्याने स्वतःही तिथे दगड ठेवले होते. पण त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या ढिगातले चाळीस गेले तर कुणाला कळणार आहे?

त्याने पोत्यात भरून चाळीस दगड आणले. अंगणात डोंगर रचला आणि गाडीने कुठून चढायचं ते दगडांवर खडूने आखलं.

गाडी झकास चढली. पहिल्याच दिवशी, कुठेही न अडता.

दुसऱ्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील. वहिनी पाण्याला गेलेल्या. सुदर्शन ओट्यावर बसून एक वायर जोडत होता. गाडी अंगणात, त्या दगडांच्या माथ्यावर. बॅटरी काढून त्याने आपल्या मांडीशी ठेवली होती.

आणि त्याला आवाज आला...

घुंइंइं...

गिअरचा आवाज. जड ओझं ओढताना येतो तसा, दबका.

त्याने मान वर केली. आवाज थांबला.

गाडी माथ्यावर नव्हती. ती खाली उतरून अंगणाच्या कडेला उभी होती, तोंड उताराच्या वाटेकडे. तिच्या पुढच्या दांड्याला एक दगड टेकलेला होता.

बॅटरी मांडीशीच होती.

घसरली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. गाडी उचलून आत ठेवली. दगडाकडे लक्ष दिलं नाही.

तासाभराने वहिनी आल्या. हंडा उतरवता उतरवता म्हणाल्या, “वळणावर दगड कशाला ठेवलात? आत्ता पडले असते मी.”

“मी कुठे गेलो वळणावर?”

“मग खडूच्या रेघा काय मी मारल्या त्याच्यावर?”

ते वळण वाईट आहे. एका बाजूला कातळाची भिंत, दुसऱ्या बाजूला सरळ दरी. मधे जेमतेम दोन हात रुंद वाट. सुदर्शन धावत गेला. वाटेच्या कडेला, सपाट जागेवर, एक दगड होता. ठेवलेला. खडूची रेघ असलेला.

धुळीत टायरच्या खुणा होत्या. खाचा, खाचा, खाचा... आणि एक तिरकी.

खुणा तिथपर्यंत आल्या होत्या. परत गेलेल्या नव्हत्या.

गाडी तर घरात होती.

त्याने दगड उचलून घरी आणला. वहिनींना काही बोलला नाही. त्या रात्री तो झोपला नाही, नुसता कुशी बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी वळणावर दोन दगड होते.

त्याने गाडीची मोटार काढली. चाकं काढली. सगळं पत्र्याच्या पेटीत घालून वर कुलूप लावलं. दिवसभर पेटीसमोर बसून राहिला. जेवला नाही. कुठे खुट्ट झालं की पेटीला कान लावायचा.

आतून काहीच आवाज आला नाही. त्या शांततेनेच त्याला घाम फुटला, असं तो मला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो वळणावर गेला...

तीन दगड. एकाशेजारी एक, नीट मांडलेले. धुळीत ताज्या खुणा. तिरक्या खाचेसकट.

आणि तिथे लहान्या उभा होता.

लहान्या म्हणजे शाळेचा शिपाई. साठीचा, पाड्यावरचा माणूस. मध शोधायला म्हणून त्या बाजूला आला होता. त्याने ते तीन दगड पाहिले, खाली वाकला, आसपासचा एक दगड उचलला आणि त्या तिघांवर ठेवला. आपण देवळापुढून जाताना हात जोडतो ना, तितक्या सहज.

“लहान्या, काय करतोस?” सुदर्शन ओरडलाच.

“दगूड ठेवला.” लहान्याने वळून पाहिलं. “कोण गेलं रं अठं, मास्तर? मला कुनी सांगलं नाय.”

 सुदर्शन तिथेच खाली बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पोतं, चाळीस दगड, गाडी.



“रुपीचे दगूड उचललंस,” लहान्या म्हणाला. “शिकेल मानूस तू. मेल्या मानसाच्या नावानं ठेवेल दगूड तो. त्याला जागा लागतं. तू त्याची जागा काढलीस, मंग तो दुसरी धुंडील.”

“पण इथे कोण मेलंय?”

“अजून कुनी नाय, मास्तर.”

तेवढ्यात खालून भांड्याचा आवाज आला. वहिनी हंडा घेऊन चढत होत्या.

सुदर्शन असा धावला की वहिनीच घाबरल्या. त्याने हंडा हिसकावून घेतला, त्यांचा दंड धरला आणि कातळाच्या बाजूने, स्वतः दरीकडे राहून, त्यांना वर आणलं. हंड्यातलं अर्धं पाणी सांडलं.

“दोन तास लागले होते तो हंडा भरायला,” वहिनी चिडल्या. “मी काय काचेची आहे?”

घरी आल्यावर त्याने त्यांनाही सांगितलं. सांगताना तो रडला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तो रडणारा नाही. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, पोतं झटकलं आणि त्याच्या पुढ्यात टाकलं.

“परत नेऊन ठेवा. आत्ता.”

संध्याकाळ व्हायच्या आत सुदर्शन आणि लहान्याने अंगणातले सगळे दगड रुपीच्या ढिगावर नेऊन ठेवले. वळणावरचे तीनही. चाळीसच्या चाळीस. लहान्याने ढिगापुढे नारळ फोडला आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटला.

राहिला एक दगड. लहान्याने वळणावर ठेवलेला.

सुदर्शन तोही उचलायला गेला. लहान्याने त्याचं मनगट धरलं.

“त्यो नको. त्यो मी ठेवेल हाये. मानूस गेलं समजून ठेवेल. एकदा चुकलास, आता परत उचलू नको.”

“मग तो तिथेच राहणार?”

 लहान्याने मनगट सोडलं नाही.

तो दगड तिथेच राहिला.

वहिनी त्या वाटेने पुन्हा गेल्या नाहीत. सुट्टी संपायच्या आत दोघं जव्हारला निघून आले, पुढे त्याने बदलीही करून घेतली. गाडीचे सुटे भाग त्याने पेटीसकट तिथेच सोडले. वहिनींना काही झालं नाही. त्यांना मुलगी झाली, हर्षदा. आता शाळेत जाते. सुदर्शन हे कुणाकडे बोलत नाही. मला बोलला तोही एकदाच.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलंच नसतं.

तीन वर्षांनी, २००९च्या मेमध्ये, पाणीटंचाईच्या कामासाठी ऑफिसने मला सूर्यमाळला पाठवलं. कुठल्या पाड्याला किती पाणी आहे त्याची पाहणी. खालचा झरा दाखवायला नवशी नावाची एक तरुण बाई सोबत होती. दुपारचं रणरणतं ऊन. मी मान खाली घालून तिच्या मागे चालत होतो. पुढे काय प्रश्न विचारायचे, किती पाडे उरले, याचाच विचार डोक्यात.

एका वळणावर नवशी थांबली. तिने वाकून एक दगड उचलला आणि बाजूच्या ढिगावर ठेवला.

मीही ठेवला.

विचार केला नाही. लहानपणापासूनची सवय. कुणी ठेवताना दिसलं की हात आपोआप खाली जातो.

मग मी मान वर केली...

एका बाजूला कातळाची भिंत. दुसऱ्या बाजूला दरी. आणि वाटेच्या कडेला, माझ्या कमरेएवढा ढीग.

मी नवशीला विचारलं, “इथे कोण गेलं?”

“एक मास्तरीन व्हती,” नवशी म्हणाली. “हंडा घेऊन वर येत व्हती, तठं पाय सरकला.”

“नाव काय तिचं?”

“उज्ज्वला म्हनत.”

“कधी झालं हे? कुणी पाहिलं?”

“ते मला ठावं नाय, सायेब. मी लग्न होऊन आली तवाचा ढीग हाये. सगलीच ठेवतात.” ती पुढे चालायला लागली. मग थांबून म्हणाली, “चांगली बाई व्हती म्हनं.”

मी लहान्याची चौकशी केली. तो आदल्या पावसाळ्यात वारला होता.

संध्याकाळी मी सरळ जव्हारला सुदर्शनच्या घरी गेलो. दार वहिनींनीच उघडलं. मी नुसता बघत राहिलो. त्या हसल्या, म्हणाल्या, “असं काय बघताय भावोजी? भूत बघितल्यासारखं?” पाणी दिलं, चहा टाकला. दोन वर्षांची हर्षदा जमिनीवर रेघोट्या ओढत बसली होती. सुदर्शनने विचारलं, आज कुठे होतास? मी म्हणालो, खोडाळ्याकडे.

खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. अजूनही झालेलं नाही. लोकांना काय सांगू, बाई जिवंत आहे, दगड ठेवू नका? आणि जे ठेवलेत त्यांचं काय?

तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या घरी फोन करतो. वहिनींचा आवाज ऐकला की दिवस जातो. एखाद्या दिवशी फोन वाजत राहिला की मी ऑफिसातून उठून बाहेर येतो आणि येरझाऱ्या घालतो.

लोक अजूनही त्या वाटेने जातात. ढीग वाढतोच आहे. त्यात एक दगड माझा आहे, मी माझ्या हाताने ठेवलेला.

आणि तो मला आता उचलता येत नाही.