चौदाव्या प्रश्नाचा ड

सराव परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर क्लासात शिकवणाऱ्या ताईंच्या लक्षात आलं. उत्तरसूचीचं पाकीट कुणीतरी खालून उघडून पुन्हा चिकटवलं होतं.

"टाचणी, तूच!" त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. शिंपीणबाईंच्या काटकुळ्या मुलीला सगळे टाचणीच म्हणत. काल ती एकटी ऑफिसात होती. मागच्या सरावात बावीस, आज चाळीसपैकी एकोणचाळीस. कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या या क्लासात ती फी न भरता शिकत होती. आता ती जागा जाणार होती.

"आईनं पडद्यांचं माप घ्यायला पाठवलं होतं," टाचणी पुटपुटली.

मधल्या सुट्टीत आपल्या तान्ह्या बाळाला मांडीवर थोपटत ताईंनी तिचा पेपर पुन्हा काढला. चुकलेला एकच, चौदावा. तिनं ब लिहिला होता, सूचीत ड. 'पुलामुळे गावाची भरभराट झाली.'

ताईंनी त्या प्रश्नाचा उतारा वाचला आणि त्यांचे कान तापले. भरभराटीची ओळच नव्हती! "ओळीवर बोट ठेवता येत नसेल तर पर्याय खोडा," असं रोज घसा फोडून सांगणाऱ्या ताईंनीच, बाळ रडतंय म्हणून, उतारा न वाचता सूचीत ड ठोकून दिला होता.

मग पूर्ण चाळीस कुणाला? एकालाच. क्लास चालवणाऱ्या सरांच्या भाच्याला.

त्याला बोलावलं. सरही आले.

"चौदाव्याला ड का लिहिलास?"

"बरोबर आहे म्हणून."

ताईंनी त्याची प्रश्नपत्रिका पुढे केली. ड वर पेन्सिलीची काट, शेजारी त्याचंच अक्षर: ओळ नाही.

"स्वतः खोडलेलं उत्तर कुणी लिहितं का रे?"

"अहो, गडबडीत होतं," सर म्हणाले.

"सर, ड चूक आहे. ती चूक माझी, आणि ती फक्त त्या पाकिटात होती. यानं बरोबर विचार केला, मग पाकिटावर भरवसा ठेवून तो सोडून दिला. टाचणी ऑफिसात गेली, तिचे मार्क वाढले, तिला फी झेपत नाही. सगळं खरं. पण तिनं पाकीट उघडलं, असं त्यातलं काहीच सांगत नाही. उघडलं असतं तर तिनंही ड लिहिला असता."

भाच्यानं मान खाली घातली. "मामा, तुम्ही दर वेळी आईला फोन करून मार्क सांगता..."



टाचणी जिन्यात दप्तर भरून उभी होती. ताईंनी तिचा हात धरला. "चुकलं गं माझं. जागा तुझीच आहे."

तिनं हात सोडवून घेतला. "मला इथे नका सांगू, ताई. आत सगळे बसलेत."

बाळाला कडेवर घेऊन ताई वर्गाकडे वळल्या. दार उघडताच आतली कुजबुज थांबली.