अष्टमीची पंगत

तीर्थमान पहिल्यांदा मनहेराच्या दारात आला तो पोहे विकत घ्यायला, आणि पुढच्याच क्षणी उखळाच्या दांड्यावर उभा होता. त्याला धड कुणी विचारलंसुद्धा नाही. झालं असं, की भिजवलेली साळ भाजून कढईतून निघाली आणि दांडा चालवायला येणारी शेजारीण नेमकी तेव्हाच माहेरी पळाली. साळ गरम असतानाच कांडली तर पोहे. निवली की नुसता चुरा. मनहेरा उखळापाशी बसून दाराकडे बघतेय, तर दारात एक परका, उंच, अर्धवट भिजलेला माणूस.

"पाय धड आहेत ना तुमचे? मग चढा इकडे."

चढला बिचारा. पायाने दांडा दाबायचा, सोडला की मुसळ खाली येणार, आणि दोन घावांच्या मधल्या निमिषात तिने हात घालून साळ उलटवायची. त्याचा पाय जरा चुकला असता तर तिची बोटं गेली असती. आणि हा पठ्ठ्या बघतोय कुठे, तर तिच्याकडे.

"माझ्याकडे काय बघताय? उखळाकडे बघा."

"उखळात तुमचाच हात आहे…" तो म्हणाला, "मग कुठंही बघितलं तरी तुम्हीच दिसणार ना."

मनहेराने मान वर केली नाही. पण त्या घाण्याचे पोहे जरा जाडच राहिले, हे गिऱ्हाइकांनी दुसऱ्या दिवशी बोलून दाखवलं.

तीर्थमान मूळचा लांबच्या दोलखा गावचा, इथे पांग्याच्या दवाखान्यात नुकता लागलेला. गाव त्याला डॉक्टर म्हणे. तो म्हणे, मी फक्त सुई टोचतो. स्वयंपाकाच्या नावाने शून्य. मग रोज संध्याकाळी स्वारी मनहेराच्या दाराबाहेरच्या बाकावर. पानाच्या द्रोणात पोहे, वर भाजलेले काळे सोयाबीन, आल्याचे तुकडे, कधी रेड्याच्या भाजल्या मटणाचे दोन तुकडे. खाऊन झालं की दांड्यावर चढायचा. दवाखान्यात कोण कसं ओरडलं याच्या नकला करायचा, आणि ती हसली की मुद्दाम ताल चुकवायचा. मग ती रागवायची… म्हणजे रागावल्यासारखं करायची.

एकदा तिने विचारलं, रोज रोज पोहे खाऊन पोट दुखत नाही का?

"दुखतं की. पण त्यासाठी इथं यायचं सोडायचं म्हणजे औषध भलतंच महाग."

तो उतार उतरून दिसेनासा झाला, की मात्र मनहेरा दार लावून घ्यायची आणि घर तिला खायला उठायचं. तीन मजल्यांचं घर आणि त्यात एक दिवा. आई लहानपणीच गेली, भावंडं नाहीत, आणि गेल्या वर्षी वडीलही गेले. काका भिंतीपलीकडेच, खोकला इकडचा तिकडे ऐकू जायचा. पण चूल कधीच वेगळी झाली होती, आणि चूल वेगळी म्हणजे अष्टमीची पंगतही वेगळी.

गेलं वर्ष सुतकाचं, म्हणून मोहनीचा, म्हणजे दसऱ्याचा सण घरात शिरलाच नाही. यंदा मात्र तो अंगावर येत होता. एरवी पोहे कुणालाही वाढावेत, ओळखीच्याला, अनोळखीला, वाटेने जाणाऱ्याला. पण मोहनीच्या अष्टमीला घराघराची दारं बंद होतात. थोरापासून धाकट्यापर्यंत एका लांब चटईवर सगळे बसतात, प्रत्येकापुढे केळीचं पान, पानावर मापभर पोह्यांची रास. ते पान फक्त घरच्याचं. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही त्या दिवशी माहेरच्या पंगतीत जागा नाही. तिला मागाहून पाहुणी म्हणून बोलावतात. काकीने मनहेराला प्रेमाने सांगून ठेवलं होतं, अष्टमी झाली की पाहुण्यांच्या जेवणाला नक्की ये हो. ते 'पाहुण्यांच्या' मनहेराला फार लागलं. एकटीने त्या चटईवर बसायचं, हा विचार ती रोज उद्यावर ढकलायची.

सणाला गावी निघताना तीर्थमान निरोप घ्यायला आला. म्हणाला, आमच्याकडे इतकी माणसं, की मला उंबऱ्याला पाठ टेकून बसावं लागतं. आणि तुमच्याकडे?

"असतात की," ती म्हणाली. "खूप जण."

"बरं झालं." तो जरा घुटमळला. "मनहेराजी, मी काय म्हणतो…"

"बस सुटेल तुमची."

गेला. तिने स्वतःच त्याला घालवलं, आणि मग पायरीवर बसून राहिली.

अष्टमीला तिने काही कमी ठेवलं नाही. जमीन सारवली, देवाला नैवेद्य दाखवला, चटई उलगडली, पण एका माणसापुरतीच. बाकीची गुंडाळी भिंतीशी तशीच. एक पान, एक माप. वडील असताना ते घास घेईपर्यंत कुणी पानाला हात लावायचं नाही, अशी रीत. आता पंगतीत थोर तीच, धाकटी तीच. हात पानाकडे जाईना.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर तीर्थमान, गुडघ्यापर्यंत चिखल. सुनकोशी नदीच्या कडेला दरड कोसळली होती, बस अर्ध्या वाटेतून परतली. पांग्यात येऊन बघतो तर एकूण एक दार बंद. खोलीच्या मालकानेही आतूनच 'नंतर या' म्हटलं होतं.

"थोडे पोहे द्या फक्त, इथं बाकावरच खातो. आत तुमची मंडळी बसली असतील."

ती आत गेली आणि ताटलीत पोहे घेऊन आली. नेहमीच्या गिऱ्हाइकासारखी ताटली त्याच्या हातात दिली आणि स्वतःचाच तिला राग आला.

"आवाज नाही येत कुणाचा."

"जेवताना आमच्याकडे बोलत नाहीत."

त्याने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. चटईची गुंडाळी दिसली, एकटं पान दिसलं. त्याने ताटली बाकावर ठेवली आणि घराला वळसा घालून निघून गेला. मनहेरा दारातच उभी राहिली. शरमेने तिचे कान तापले. आता हा पुन्हा यायचा नाही, असं तिला वाटलं.

तो परसातून परत आला तेव्हा त्याच्या हातात केळीचं पान होतं. नळाखाली धुतलेलं, ठिबकणारं.

"खोटं बोललीस."

"मग काय सांगायचं होतं? एकटी आहे, म्हणून राहा?"

"हो. म्हणजे दरड कोसळायची वाट तरी बघावी लागली नसती."

तिने दारावर हात आडवा धरला. "नीट विचार करा. हे पान घेऊन आत आलात, तर उद्यापासून बाकावर बसता येणार नाही. तुमच्या आईला काय सांगाल?"

"रस्ता मोकळा झाला की जाऊन सांगू. दोघं."

हात खाली आला. तिने चटई आणखी उलगडली आणि आपल्या वरची जागा त्याला दाखवली, तो वयाने मोठा म्हणून. त्याने मान हलवली आणि पान तिच्या खालच्या बाजूला, पंगतीच्या शेवटी मांडलं.

"घरात नवीन आलेलं माणूस शेवटी बसतं."

"ती नवी सून असते," मनहेराला हसू आलं.

"मग सून."

तिने त्याच्या पानावर मापभर पोहे ओतले, सोयाबीन, आलं, अंडं, सुकी मासळी, सगळं वाढलं आणि येऊन आपल्या जागी बसली. तो मांडीवर हात ठेवून नुसता बसलेला.

"जेवा ना. भूक लागली असेल."

"कालपासून उपाशी आहे," तो म्हणाला. "पण तू सुरू केल्याशिवाय मी कसा जेवू?"

मनहेराने पदराने डोळे पुसले आणि पहिला घास घेतला.