तिसऱ्या हाकेला

हसायचं तर हसा, पण आधी ऐकून घ्या. मुरुडला नीराबाईंचं छोटं लॉज आहे. मुलगा कमलेश बोटीवर नोकरीला. जाण्याआधी त्याने लॉजची वेबसाइट बनवून मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर सुरू करून दिली. साइट चालू आहे का, हे अधूनमधून बघणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मात्र त्याच्या मित्राची, म्हणजे माझी. ती साइटला हाक मारते, आणि ओ आली नाही तर मला मेसेज पाठवते.

आठवडाभर त्या मेसेजांनी माझा जीव खाल्ला. साइट बंद! मी उघडून बघावं, तर कधी ढिम्म, कधी ठणठणीत. नाताळची बुकिंगं तिच्यावरूनच यायची. ती बुडाली तर लॉज विकावं लागेल, असं नीराबाई फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाल्या. मी माणगावहून एसटी पकडली.

दुपार कलली होती. लॉजमध्ये चिटपाखरू नव्हतं. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, झावळ्यांची सळसळ, आणि मागच्या बंद खोलीकडून येणारा विचित्र गारवा. ओसरीवर लॅपटॉप उघडून मी स्वतःच साइटला हाका मारू लागलो. पहिली... काही नाही. दुसरी... काही नाही. तिसरी, आणि साइट उघडली. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. अंगावर काटा आला.

"मावशी, ही पहिल्या दोन हाकांना ओच देत नाही!"

नीराबाई कोलंबी सोलत होत्या. "बराबर हाय तिचं. पयल्या दोन हाकांना ओ द्यायची न्हाय. भूत तिसऱ्यांदा हाक मारत न्हाय. कमलेशला लहानपणापासून ह्येच शिकवलंय."

म्हणजे या शहाण्याने आईचा नियम साइटलाही लावला! मनातल्या मनात त्याला शिव्या हासडत मी स्क्रिप्टला तीनदा हाक मारायला शिकवलं. लगेच ओ आली. पाठोपाठ नाताळचं बुकिंगही आलं. नीराबाईंनी पदराने डोळे पुसले. मलाही भरून आलं.

"खोलीची चावी द्या. कॉम्प्युटरमधला नियमच काढून टाकतो."

त्या घुटमळल्या. "ऱ्हाऊ दे की..."

दार करकरलं. आत काळोख आणि गंजाचा वास. टेबल रिकामं होतं.

"मागल्या आठवड्यातल्या अवकाळी पावसात जळला त्यो. भंगारवाल्याला दिला," नीराबाई कुजबुजल्या. "कमलेशला सांगू नको हां, जिवाला घोर लावून घेल."

"मग ओ... कोण देतंय?"

"देतंय ना कोन तरी? सीझन होऊ दे. उगाच डिवचू नको त्याला." त्यांनी हलकेच दार लोटलं.

मी ओसरीवर आलो. स्क्रीनवर नवी ओ येऊन पडली होती. स्क्रिप्टने अजून हाक मारलीच नव्हती.