टिटवीचा सातवा सेल

बंद पडलेला रोबो पुन्हा चालू कसा होतो? आणि तोही त्याच जुन्या बॅटरीवर?

शर्वाणी निकमला हा प्रश्न सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकात पडला. मात्र त्यात कुतूहल कमी आणि जळफळाटच जास्त होता. तिच्या वर्गातली रुबीना मुलाणी समोरून येत होती आणि तिच्यामागून तुरुतुरु टिटवी चालत होती. गुडघ्याएवढी उंच, दोन बारीक पायांची, डोक्यावर पिवळी पट्टी असलेली टिटवी. महिन्यापूर्वीपर्यंत ती शर्वाणीची होती.

ही गोष्ट २०५८ सालच्या कराडची. शर्वाणी पाच वर्षांची असताना टिटवी तिच्या घरी आली. ती रंग ओळखायची, गोष्टी वाचून दाखवायची. पण सहा वर्षांनी ती दमायला लागली. कितीही वेळ चार्जिंगला लावा, हिरवा दिवा लागायचा आणि दहा मिनिटांत तिची मान खाली! दुकानदार म्हणाला, "बॅटरी गेली. या जातीची आता मिळत नाही. नवा रोबोच घ्या."

मग शर्वाणीने तिला नदीकाठच्या अदलाबदल केंद्रात नेलं. आपल्याला नको असलेली वस्तू तिथे द्यायची आणि दुसऱ्या कुणाला नकोशी झालेली घ्यायची, अशी तिथली रीत. टिटवी देऊन शर्वाणी स्केटिंगचे बूट घेऊन आली. पुढे वाढदिवसाला मामाने तिला नवा चकचकीत रोबोही दिला.

आणि आज सगळी मुलं त्या नव्या रोबोला सोडून टिटवीभोवती गोळा झाली होती.

"किती वेळ चालते गं?" कुणीतरी विचारलं.

"बारा तास," रुबीना म्हणाली.

"नवीन बॅटरी घातलीस ना?" शर्वाणीने विचारलं.

"नाही. तीच आहे."

'खोटारडी!' शर्वाणी मनात म्हणाली. अदलाबदल केंद्र डॉ. उर्मिला सप्रे चालवायच्या. पूर्वी त्या उपग्रहांच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या, आता सगळ्या गावाच्या सप्रे आजी. त्यांनीच रुबीनाला गुपचूप नवी बॅटरी दिली असणार. मग मला का नाही दिली? दिवसभर शर्वाणीचं लक्ष फळ्याकडे गेलंच नाही. टिटवी रुबीनाच्या बाकाशेजारी शहाण्यासारखी उभी होती, आणि शर्वाणी सारखी तिकडेच बघत होती.

शाळा सुटली. रुबीना पुस्तक परत करायला आत गेली. टिटवी बाहेर एकटीच होती. शर्वाणी वाकून हळूच म्हणाली, "टिटवी, घरी चल."

टिटवीने आवाज ओळखला आणि ती निमूटपणे शर्वाणीच्या मागे निघाली.

खोलीचं दार लावून घेतल्यावर शर्वाणीला क्षणभर फार बरं वाटलं. तेवढ्यात टिटवी बोलली, "साडेपाच वाजले. मुलाणीकाकांचे दोरे लावायचे आहेत."

"कसले दोरे?"

"रुबीनाचे बाबा शिंपी आहेत. त्यांना हल्ली निळा आणि जांभळा सारखाच दिसतो. मी रंग सांगते, ते शिवतात. उद्या एका लग्नाचे कपडे द्यायचे आहेत."

शर्वाणीचा हात दाराच्या कडीकडे गेला. पण आतली जळजळ काही शमेना. 'आधी ती नवी बॅटरी तर बघू,' म्हणत तिने टिटवीच्या पाठीचे स्क्रू काढले.

आत बारा सेल (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या) रांगेत होते. अकरा तेच, जुने, राखाडी. फक्त सातवा हिरवा होता. नवी बॅटरी नव्हतीच! नीट पाहायला तिने बोट घातलं आणि एक बारीक तार निसटली. टिटवीचे डोळे विझले.

टिटवीला छातीशी धरून ती केंद्राकडे धावली. टिटवीला शोधत रुबीनाही तिथेच आली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. 'मला रस्त्यात सापडली,' हे वाक्य शर्वाणीने वाटेत तयार केलं होतं. पण रुबीनाला पाहिल्यावर ते तोंडातून बाहेरच पडेना.

"मीच नेली," ती म्हणाली. "ती तुझ्यामागून चालत होती, ते मला बघवेना."

"पण तूच तर दिली होतीस!" रुबीना ओरडली.

"बंद पडली म्हणून दिली. चालत असती तर दिली असती का?"

सप्रे आजींनी टिटवीला टेबलावर ठेवलं. त्यांचा आवाज कडक होता. "शर्वाणी, मोठं माणूस जवळ नसताना बॅटरी कधीही उघडायची नाही. दोन तारा नको तिथे टेकल्या असत्या तर आग लागली असती." त्यांनी निसटलेली तार जागच्या जागी बसवली, तसे टिटवीचे डोळे पुन्हा उजळले. "आता सांग, तू कधी सदाशिवगड चढलीस?"

"हो."

"समज, बारा जण हात धरून गड चढताहेत. प्रत्येकाकडे स्वतःची बाटली. एकाचं पाणी दुसऱ्याने प्यायचं नाही आणि एकाचं संपलं की सगळ्यांनी थांबायचं. आता एकाची बाटली अगदी चिमुकली असेल तर?"

"सगळे लगेच थांबतील. पण..." शर्वाणी अडखळली. "बाकीच्यांच्या बाटल्या भरलेल्याच राहतील!"

"तेच टिटवीचं झालं होतं. तिचे सेल एकसर जोडणीत (साखळीसारखे एकामागोमाग एक जोडलेले) आहेत. सातव्या सेलची क्षमता (वीज साठवायची ताकद) घटली होती. तो रिकामा झाला की रक्षक-पट्टी (सेलना इजा होऊ नये म्हणून पहारा देणारा भाग) सगळी बॅटरी बंद करायची."

"मग हिरवा दिवा का लागायचा?"

"चिमुकली बाटली भरतेही लवकर. ती भरली की पट्टी चार्जिंग थांबवायची. बाकीचे अकरा अर्धवटच राहायचे. ते काही बिघडलेले नव्हते."

"सातवाच बिघडलाय हे कसं कळलं?"

आजींनी रुबीनाकडे बोट केलं. रुबीना नाक पुसत म्हणाली, "एकेक सेल पूर्ण भरायचा, मग रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते लिहायचं. दोन आठवडे लागले. मग मोडीत आलेल्या एका कंदिलात तितक्याच ताकदीचा सेल मिळाला. जोडला आजींनी."

शर्वाणीने मान खाली घातली. इतके दिवस बसून मोजत राहणं तिला जमलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. त्याचाही तिला हेवा वाटला.

"मी सहा वर्षं जळत होते तुझ्यावर," रुबीना अचानक म्हणाली. "पहिलीत तुझ्या वाढदिवसाला मी केकसुद्धा खाल्ला नव्हता. नुसती टिटवीशेजारी बसून राहिले होते."

शर्वाणीला ते आठवत नव्हतं. तेव्हा रुबीनाकडे तिचं लक्षच नव्हतं.

आजी हळू आवाजात म्हणाल्या, "टिटवी अजून पहिल्या मालकिणीच्या आवाजाचं ऐकते. तो हक्क तूच सोडू शकतेस."

शर्वाणीने टिटवीला टेबलावरून खाली उतरवलं. "टिटवी," ती कशीबशी म्हणाली, "आजपासून रुबीनाच तुझी मालकीण."

"समजलं," टिटवी म्हणाली आणि रुबीनाकडे वळली. "सव्वासहा झाले. काका वाट बघत असतील."

दोघी निघून गेल्या. टिटवीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शर्वाणी बराच वेळ दारात उभी होती.

शनिवारी ती पुन्हा केंद्रात आली. "आजी, मला शिकवा."

आजींनी टाकून दिलेल्या, बारा-बारा सेलच्या चार बॅटऱ्या पुढे ठेवल्या. "या सेलसाठी कुठेतरी डोंगर खोदलेत, भट्ट्या पेटवल्यात, जहाजं हाकलीत. ती सगळी मेहनत यांच्यात अजून शिल्लक आहे. एका दुबळ्या सेलपायी बाकीचे कचऱ्यात का घालायचे? रुबीनाशेजारी बस. ती दाखवेल."

रुबीना थोडी सरकली. तिने एक बॅटरी पुढे ओढली. मग म्हणाली, "लाल तार या टोकाला."

महिनाभर शनिवार-रविवार दोघी मोजत राहिल्या. अठ्ठेचाळीसपैकी चव्वेचाळीस सेल धडधाकट निघाले! आजींनी त्यांच्यातून सारख्या ताकदीचे निवडून जोडले आणि नदीकाठच्या वाचनालयाला दिव्यांची नवी बॅटरी मिळाली. पुढच्या खेपेला आरोग्यकेंद्रातल्या लसींच्या थंड पेटीची पाळी होती.

चार दुबळ्या सेलपैकी तीन रुबीनाने शोधले होते, शर्वाणीने एक. शर्वाणीने वहीतले आकडे पुन्हा एकदा मोजून पाहिले.

"उद्या मी तुझ्याआधी येणार," ती म्हणाली.

"ये की," रुबीना हसली. "मी सातला येते."

घरी गेल्या गेल्या शर्वाणीने पावणेसहाचा गजर लावला.