आतून ठोकलेले खिळे

कुंपणाचं काम घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात, तर आधी जरा बसा. दिवा असा इकडे ओढून घ्या. काम मला द्यायचं की नाही ते ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट असते. बाहेरची गुरं आत शिरू नयेत म्हणून कुंपण असेल, तर तार खांबाच्या बाहेरच्या अंगाला ठोकायची. आतलं जनावर आतच राहायला हवं असेल, तर आतल्या अंगाला. उलटं केलं की जनावर रेटतं आणि खिळे सुटून येतात. मला हे नवऱ्याने शिकवलं. लग्नानंतर घरात बसून कंटाळले, तेव्हा म्हणाला, चल माझ्याबरोबर, निदान भांडायला तरी जवळ राहशील. तेव्हापासून आम्ही जोडीनेच कामाला जायचो.

गावाबाहेरच्या राखीव रानाचं काम आलं, तेव्हा मी खूश झाले होते. रान कसलं, टेकडीवरचा झाडांचा पुंजका. आजूबाजूला सगळे बोडके डोंगर. पायी फेरी मारली तर दम लागायच्या आत संपते. रानाची व्यवस्था बघणाऱ्या अधिकारी बाई आम्हाला जागा दाखवत होत्या. शाळेच्या सहली आल्या की सांगायची माहिती त्यांना तोंडपाठ होती. हे सगळे डोंगर एका लाकूड व्यापाऱ्याचे. त्याने एकेक डोंगर तोडून विकला आणि शेवटी एवढा तुकडा उरला, तेव्हा कुऱ्हाडी थांबवल्या. कुंपण घालून सांगितलं, इथलं पानही कोणी तोडायचं नाही. या भागातलं हे पहिलं राखीव रान.

"आधी पोटभर जेवला आणि मग उपास धरला," नवरा म्हणाला.

बाई हसल्या. "उशिरा का होईना, शहाणपण सुचलं म्हणायचं. आता आत ससे आहेत, पक्षी आहेत. बाहेरच्या गुरांचा त्रास होतो, म्हणून कुंपण नवं हवंय."

जुनं कुंपण गंजून गळून पडलं होतं. नवरा खांबाजवळ उकिडवा बसून बोट फिरवत राहिला. जुने खिळे सगळे आतल्या बाजूने होते.

"ससे रोखायला एवढी जाड तार?" तो पुटपुटला.

मी म्हटलं, "अहो, व्यापारी होता तो, तुमच्यासारखा कारागीर नव्हता. ठोका बाहेरून आणि चला."

आम्ही बाहेरून ठोकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर सगळी तार बाहेरच्या अंगाला पडलेली. खांब जागच्या जागी, पण एकूण एक खिळा उपसून निघालेला. खुरांचा ठसा नाही, की तारेला कुठे केस अडकलेला नाही. जनावर एका जागी रेटतं. इथे चारही बाजूंनी सारखंच रेटलं होतं. नवऱ्याने खिळा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"आतूनच ठोकावं लागेल," तो म्हणाला.

"आणि मग तुम्ही बाहेर कसे येणार? उडून?"

"शेवटच्या दोन खांबांमधली जागा मोकळी ठेवतो. तिथून येतो. तिथे फाटक बसवू. तू तारेचं टोक धर."

खिळ्यांची पिशवी खांद्याला लावून तो आत गेला. मी बाहेर, त्या मोकळ्या जागेजवळ, तारेचं टोक तार ताणायच्या यंत्रात अडकवून उभी राहिले. हातोडीचा आवाज सुरू झाला. आधी जवळून, मग जरा पलीकडून, मग वळणाआडून. ऊन उतरत होतं. एवढ्याशा रानाला वळसा घालून आवाज आता दुसऱ्या बाजूने जवळ यायला हवा होता. तो लांबच जात राहिला. एका डोंगरापलीकडे, मग दोन डोंगरांपलीकडे गेल्यासारखा.

मग वास आला. नुकत्याच कापलेल्या लाकडाचा, ओल्या चिकाचा. जिथे कुऱ्हाड लागलेली नाही त्या रानातून. झाडाचं एक पान हलत नव्हतं, पण आतून वाऱ्याचा घोंगावता आवाज येत होता. पुंजक्यातून यावा तसा नव्हे, हजारो झाडांतून यावा तसा.

"अहो... झालं का?"

खूप लांबून उत्तर आलं. "झालंच... थोडंच राहिलंय..."

"राहू द्या ते. बाहेर या आधी!"

हातोडी थांबली नाही. मी टोक सोडून कुंपणाच्या कडेने पळत सुटले. तार सगळीकडे चोख ठोकलेली. खिळे त्याच्या पद्धतीचे, जरासे तिरपे. धापा टाकत परत मोकळ्या जागेपाशी आले, तर ती जागा मोकळी नव्हती. चारही तारा ताणून बसवलेल्या. आतून. आणि हातोडी अजून चालूच होती.

मी पकडीने तारा तोडल्या आणि आत घुसले. हाका मारत धावले. झाडं संपली आणि मी पलीकडच्या कुंपणाला येऊन धडकले. एवढंच रान होतं. माझ्यासाठी एवढंच. नंतर पोलीस आले, माणसं आली, झाडन् झाड पाहिलं. कोणी नव्हतं.

अधिकारी बाई रात्री माझ्या शेजारी बसल्या होत्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "मुलांना मी सांगते, जे उरलंय ते जपण्यासाठी राखीव रान असतं. पण जुने तोडकरी वेगळं सांगायचे. एकेक डोंगर बोडका झाला की त्याचा आवाज या तुकड्यात येऊन राहायचा. शेवटी इथे सगळंच रान गोळा झालं. अंग चोरून. व्यापाऱ्याने ते जपायला नाही... कोंडायला कुंपण घातलं."

"आणि तो व्यापारी कुठे गेला?"

"कुंपण आतून घातलं होतं ना," एवढंच त्या बोलल्या.

तेव्हापासून मी रोज जाते. तार तोडते. सकाळी ती जोडलेली असते. मी तोडते, आमचे हे आतून जोडतात. संसारात नेमकं उलटं होतं, त्यांनी मोडायचं आणि मी सांधायचं. मला रडू येतं, रागही येतो. एकदा तरी तारेपाशी येऊन माझ्याकडे का बघत नाहीत? बाहेर यावंसं का वाटत नाही?

ते काल कळलं. तार ठोकायला दोघं लागतात. एकाने ताणून धरायची, दुसऱ्याने ठोकायची. पुरेशी ताणली की मी "हं" म्हणायची आणि मगच ते हातोडी उचलायचे. माझा "हं" ऐकल्याशिवाय त्यांनी कधी एक खिळा मारला नाही. काल संध्याकाळी मी खांबाला कान लावून बसले. लांबवर, प्रत्येक घावाच्या आधी, आतून कोणीतरी म्हणत होतं... "हं."

आवाज माझा होता.

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो, मी इथे आहे! बाहेर!"

हातोडी थांबली. वाराही थांबला. ते ऐकत होते, मला माहीत आहे, ते ऐकत होते. मी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून, अगदी शांतपणे, माझ्याच आवाजात कोणीतरी त्यांना म्हणालं,

"बाहेर कोणी नाही हो. तुम्ही ठोका."

आणि त्यांनी ठोकलं.